हिरवा स्टिकर

बर्नलीच्या प्राथमिक शाळेत
दुपारी पावणेबारा ते सव्वाएक
माझी नोकरी एवढीच:
जेवणाच्या हॉलमध्ये उभं राहायचं,
केळी सोलून द्यायची, सांडलेलं पुसायचं
आणि या वर्षापासून
जो भाजी संपवेल
त्याच्या स्वेटरवर एक हिरवा स्टिकर चिकटवायचा.

खांडेपारकर हे आडनाव
पाच वर्षांच्या जिभेला झेपत नाही.
मी मिस खांडे.
निम्म्या वर्गाची मिस कँडी.
मुख्याध्यापिका ऑग्डेनबाई म्हणाल्या,
गोड बंद करायच्या वर्षात हे बरं नाही दिसत,
आणि स्वतःच हसत सुटल्या.

भाजी म्हणजे काय, तर वाटाणे,
उकडून उकडून डोळे पांढरे झालेले.
गाजराच्या चकत्या.
आणि ब्रोकोली, जिला मुलं झाड म्हणतात
आणि झाडासारखीच जागच्या जागी राहू देतात.
मी काही बोलत नाही.
मनातल्या मनात जिरं तडतडवते, चिमूटभर हिंग,
वरून ओलं खोबरं.
हॉलभर वास सुटतो, फक्त मला.

जेवणानंतर मैदानाला पाच फेऱ्या.
पाऊस असला तरी, असं सूचनेत लिहिलंय;
इथे असला तरी म्हणजे असतोच.
पळा, चाला, उड्या मारा, बसू मात्र नका.
सगळ्यांच्या मागे गोसिया,
एका बुटाची नाडी कायम सुटलेली,
डबक्याडबक्यापाशी थांबून
पाण्यात पेंडल टेकडी शोधणारी.
मी कुंपणाला टेकून ओरडते, पळ, पळ!
त्यांना वाटतं,
माझ्या गावाकडचं एखादं पाखरू असं ओरडत असेल.

एका गुरुवारी, कोटांच्या खोलीत,
ओल्या बाह्यांच्या आड
मी खिशातलं क्रीमचं बिस्कीट तोंडात टाकलं.
समोर रीस ॲशवर्थ, वय सात,
ज्याच्या ताटातली झाडं रोज तशीच परत जातात.
ओरडला नाही. चहाडी करायला पळाला नाही.
माझं गिळून होईपर्यंत थांबला.
मग म्हणाला,
"मिस कँडी, तुम्हाला स्टिकर कोण देतं?"

लोकां सांगे ब्रह्मज्ञान,
एवढंच मला आठवलं.
उरलेली अर्धी ओळ गुडघ्यात दुखत होती.

घरी ड्रॉवरमध्ये दवाखान्याचं पत्र,
ऑक्टोबरपासून.
साखरेचा आकडा ठळक अक्षरात.
मी त्याच्यावर विजेची बिलं ठेवत आले.

सौदा त्यानंच मांडला:
एक झाड, एक फेरी.
पहिलं झाड त्यानं नाक धरून खाल्लं,
पहिली फेरी मी गुडघा धरून घातली.
मधे दोनदा थांबले,
डबक्यातली टेकडी बघतेय असं दाखवत.
गोसिया भलतीच खूश,
आयुष्यात पहिल्यांदा शेवटून दुसरी आली.

आता फेब्रुवारी. मी तीन फेऱ्यांवर आहे.
रीस झाडं खातो, वाटाणे नाही.
वाटाण्यांचं आपलं काही ठरलं नव्हतं, म्हणतो,
आणि ते खरंच आहे.
परवा बिलं बाजूला केली, फोन लावला,
तारीख मिळाली, मंगळवार, सकाळी नऊ.

काल बस स्टॉपवर एक बाई
माझ्या पाठीकडे बघून हसली.
घरी आल्यावर कोट काढला, तेव्हा दिसला:
कमरेच्या जरा वर,
सात वर्षांचा हात पोचेल तिथे,
एक हिरवा स्टिकर,
वाकडा, कडेला केचपचं बोट उमटलेलं.

कोट धुवायला टाकायचा होता.
पुढच्या आठवड्यात टाकेन.